चाकाला वजन, बर्फावर पकड
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडीच्या तोंडावर आलेल्या पत्रांत या वेळी एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या शब्दांत आहे. ट्रॅक्टर आहे, पुढे पातं आहे, पण बर्फात मागची चाकं जागच्या जागी फिरतात. गवत कापायला घेतलेलं यंत्र बर्फ ढकलायला लावलं की ही अडचण येतेच, आणि ती थोड्या खर्चात सुटते. फक्त वजन किती लावायचं यापेक्षा ते कुठे लावायचं आणि कशानंतर लावायचं, हे आधी समजून घ्यायला हवं. मापं अमेरिका-कॅनडातल्या यंत्रांची असल्यामुळे इंच आणि पौंड तसेच ठेवले आहेत. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम.

प्रश्न : आमच्या गार्डन ट्रॅक्टरला मागे २३×१०.५०-१२ मापाचे (२३ इंच उंच, साडेदहा इंच रुंद, १२ इंची रिमचे) टायर आहेत आणि पुढे ४८ इंची पातं आहे. ड्राइव्हवे गॅरेजपासून रस्त्यापर्यंत उतरता आहे. खाली जाताना बर्फ छान ढकलला जातो, पण वर येताना पातं टेकवलं की चाकं गरगर फिरतात. दुकानदार म्हणतो, दोन्ही चाकांना ५०-५० पौंडांची वजनं लावा. तेवढ्याने भागेल का?
— एक वाचक, रॉचेस्टर, न्यूयॉर्क

उत्तर : नुसत्या वजनाने भागणार नाही. आधी टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्या, मग वजन. कारण समजायला थोडा हिशेब करू.

ट्रॅक्टर ७०० पौंडांचा आणि चालवणारा १७० पौंडांचा धरा. एकूण ८७० पौंड झाले, त्यातले साठ टक्के, म्हणजे सुमारे ५२० पौंड मागच्या चाकांवर येतात. दाबून बसलेल्या बर्फावर रबराची पकड चाकावरच्या भाराच्या साधारण पाचवा हिस्सा असते. म्हणजे चाक घसरायच्या आधी तुम्हाला जेमतेम १०४ पौंडांचा रेटा मिळतो. आता चढ बघा. दहा फूट पुढे गेल्यावर एक फूट वर जाणारा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढ असेल, तर ८७० पौंडांचं धूड वर नेण्यातच ८७ पौंड खर्ची पडतात. बर्फ ढकलायला उरले १७ पौंड. पातं टेकवल्याबरोबर चाकं फिरतात ती म्हणून.

दुकानदाराचं ऐकून १०० पौंड वाढवले तर मागचा भार ६२० पौंड होतो आणि रेटा १२४ पौंड मिळतो. पण वाढलेलं वजनही चढ चढायचंच आहे, त्यात ९७ गेले. उरले २७. पैसे खर्च करून १० पौंडांची भर पडली. याउलट वजन न वाढवता साखळ्या चढवल्या आणि पकड पाचव्या हिश्श्यावरून भाराच्या ३५ टक्क्यांवर गेली असं धरलं, तर रेटा १८२ मिळतो आणि चढ वजा जाता ९५ उरतात. साखळ्या आणि वजन दोन्ही असेल तर १२०. पकडीचे हे आकडे बर्फ कसा आहे यावर मागेपुढे होतात. निव्वळ गुळगुळीत बर्फावर रबराची पकड दहाव्या हिश्श्यापर्यंतही उतरते. पण क्रम बदलत नाही.

साखळ्या घेताना ‘दोन कड्यांच्या’ घ्या, म्हणजे दर दोन कड्यांनंतर आडवी साखळी येते. स्वस्तातल्या चार कड्यांच्या साखळ्यांत आडव्या ओळींमध्ये मोकळी जागा जास्त राहते. लॉनच्या बारीक नक्षीच्या टायरवर त्या जागेत रबर बर्फाला टेकतं, चाक हिसके देत चालतं आणि दोन ओळींच्या मध्ये घसरतं. चढवताना टायरमधली थोडी हवा सोडा, साखळी घट्ट ओढून अडकवा, मग पुन्हा हवा भरा. टायर फुगला की साखळी आपोआप ताणली जाते. दहा मिनिटं चालवून पुन्हा एकदा ताणा. मडगार्ड आणि साखळी यांच्यात निदान एक इंच जागा हवी. सैल साखळी मडगार्डचा पत्रा किंवा प्लॅस्टिक पहिल्याच दिवशी फाडते.

शेताच्या ट्रॅक्टरसारखे उंच दातांचे टायर बसवावेत का, असंही काही जण विचारतात. चिखलात ते उत्तम चालतात. बर्फात मात्र दातांमधल्या खाचा दाबलेल्या बर्फाने भरून जातात आणि मग टायर बर्फाच्या गुळगुळीत लादीवर उभा राहतो. साखळी चढवलेला लॉनचा टायर या कामाला त्याहून बरा.

तुमच्या ड्राइव्हवेसाठी शेवटचं: चढावर पातं टेकवूच नका. रिकामं पातं उचलून वर या आणि काम फक्त उतारावर करा. बर्फ चार इंच साठला की एक फेरी, पुन्हा साठला की पुन्हा फेरी. रात्रभर पडलेला फूटभर बर्फ सकाळी एकदम ढकलायला गेलात तर वजन आणि साखळ्या दोन्ही असूनही अडकाल. आणि पहिल्याच वादळात बर्फाच्या कडा शक्य तेवढ्या लांब सारून ठेवा. जानेवारीत त्या कडा दगडासारख्या होतात आणि नव्या बर्फाला जागा उरत नाही.

प्रश्न : कंपनीची वजनं फार महाग आहेत. व्यायामाच्या बारबेलच्या जुन्या चकत्या लोक चाकांना लावतात असं ऐकलं. त्या नीट कशा बसवायच्या? मी स्वतः ड्रिल चालवते, साधी दुरुस्ती येते.
— एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन

उत्तर : जरूर लावा, पण चकती बिडाचीच हवी. वरून प्लॅस्टिकचं आवरण आणि आत सिमेंट असलेल्या चकत्या घेऊ नका. भोक पाडताना फुटतात. मधलं भोक एक इंचाचं असलेल्या २५ पौंडी चकत्या घरगुती सामानाच्या विक्रीत स्वस्तात मिळतात. एका बाजूला दोन, म्हणजे चार पुरतात.

आधी माप. चकतीच्या आकाराची पुठ्ठ्याची चकती कापा आणि चाकाच्या खोलगट भागात बसवून बघा. २५ पौंडी चकती साधारण ११ इंच रुंद असते आणि १२ इंची रिमच्या काही बनावटींत कडेला अडते. अडली तर जबरदस्ती करू नका, १० पौंडी लहान चकत्या तीन-तीन लावा. हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी बोट जाईल एवढी, निदान एक इंच जागा मोकळी राहिली पाहिजे. हे विसरलं की दर वेळी हवा भरताना सगळं वजन काढावं लागतं.

आता रिम. बऱ्याच गार्डन ट्रॅक्टरांच्या रिमला वजनासाठी भोकं मुळातच असतात. आधी ती शोधा. नसतील तर चाक काढून जमिनीवर आडवं ठेवा, हवा सोडा आणि रिमच्या मधल्या सपाट पत्र्यावर तीन खुणा एकमेकींपासून सारख्या अंतरावर करा. भोक फक्त या मधल्या पत्र्यात पाडायचं. टायरची हवा जिथे कोंडलेली असते त्या गोल कप्प्याला ड्रिल लागलं तर रिम गेली. मधला पत्रा जिथे त्या कप्प्याला वेल्ड केलेला असतो त्या शिवणीपासूनही अर्धा-पाऊण इंच लांब राहा.

पुठ्ठ्यावर या तीन खुणा उतरवून घ्या आणि त्याच पुठ्ठ्यावरून चकत्यांवर खुणा करा. सेंटर पंचने ठोका मारा, आधी पाव इंचाचं भोक, मग अर्ध्या इंचापेक्षा किंचित मोठं. बिडाला भोक पाडताना तेल घालू नका. त्याचा भुगा काळ्या पावडरीसारखा निघतो, तेल पडलं की त्याचा लगदा होतो आणि ड्रिल अडकतं. ड्रिल हळू फिरवा, तोंडाला मास्क लावा, चकती शिकंज्यात घट्ट धरा. हातात धरलेली चकती ड्रिल आरपार जाताना गरकन फिरते आणि मनगट मोडते.

बोल्ट अर्ध्या इंचाचे, ग्रेड ५. डोक्यावरच्या तीन आडव्या रेघांवरून ते ओळखतात. लांबी अशी काढा: दोन चकत्यांची जाडी, अधिक रिमचा पत्रा, अधिक दोन वायसर, अधिक नट, आणि वर दोन आटे. बहुतेकदा साडेतीन ते चार इंच येते. बोल्टचं डोकं आतल्या बाजूला, नट बाहेर. उलट बसवलं तर आत आलेलं बोल्टचं टोक ब्रेकच्या दांडीला किंवा चासीला घासतं. रिमच्या बाजूला मोठा रुंद वायसर लावा, नाहीतर पातळ पत्रा बोल्टभोवती हळूहळू चिरतो. नट नायलॉनची कडी असलेलेच घ्या. साधे नट थरथरीने सुटतात, आणि सुटलेली २५ पौंडी चकती बर्फात सापडत नाही. सापडते ती मेमध्ये, मोअरच्या पात्याखाली.

चाक हबला पाच बोल्टने बसत असेल तर ते बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीने आधी आवळा, कारण नंतर चकत्या त्यांच्यावर येतील. ट्रॅक्टर जॅकवर असतानाच चाक हाताने पूर्ण फिरवून बघा: आत काही घासतं का, बाहेर साखळी चकतीला लागते का. भोकांच्या कडांना गंजरोधक रंग लावा, रस्त्यावरचं मीठ तिथूनच सुरुवात करतं. पहिला अर्धा तास काम झालं की सगळे नट पुन्हा आवळा. ही एक पायरी चुकवू नका. रंगाचा थर दबतो आणि नट पहिल्याच दिवशी थोडे सैल होतात.

चकत्या अजिबात मिळाल्या नाहीत तर काँक्रीट आहे. १० इंच व्यासाची, ४ इंच जाडीची चकती साधारण २६ पौंड भरते, आणि ६० पौंडांच्या एका पिशवीत दोन्ही बाजूंच्या चकत्या होतात. आत तारेची जाळी घाला, बोल्ट ओतीव कामातच उभे करून ठेवा आणि किमान सात दिवस ओल्या गोणपाटाखाली राहू द्या. बीड त्याच आकारात तिप्पट वजन देतं, त्यामुळे पर्याय असेल तर बीडच.

प्रश्न : सांगलीकडे आमच्या गावी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरतात, म्हणजे नांगरटीला चाक घसरत नाही. इथे गार्डन ट्रॅक्टरच्या टायरमध्ये तसंच पाणी भरलं तर? लोखंडाचा आणि बोल्टचा व्यापच नको.
— एक वाचक, ऑरेंजव्हिल, ऑन्टारिओ

उत्तर : तत्त्व अगदी तेच आहे. गावाकडच्या १३.६×२८ टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरलं की एका चाकात दोनशे लिटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोनशे किलो वजन येतं, तेही खाली, जमिनीलगत. तुमच्या ट्रॅक्टरलाही हे चालतं. फक्त पाणी नको.

पाणी गोठतं, आणि ट्रॅक्टर उभा असताना गोठतं. टायरच्या खालच्या अर्ध्या भागात बर्फाचा एक सपाट गोळा तयार होतो. सकाळी चालू केलं की चाक एका बाजूने जड, प्रत्येक फेरीला धप्प करून आपटतं. ट्यूब असेल तर तो गोळा व्हॉल्व्हचा देठ उपटतो, नसेल तर टायरची कड रिमपासून सुटते.

त्याऐवजी काय, तर गाडीची काच धुण्याचं हिवाळी द्रावण. डब्यावरचं तापमान वाचून घ्या. उन्हाळी द्रावणही त्याच निळ्या रंगाचं असतं आणि ते पाण्यासारखंच गोठतं. ऑन्टारिओत उणे ४० सेल्सियसचं घ्या. २३×१०.५०-१२ टायर पाऊण भरायला साधारण सात गॅलन लागतात, म्हणजे ३.७८ लिटरचे सात डबे एका चाकाला. वजन ५५ पौंडांच्या आसपास. यात मिथेनॉल असतं. ते विषारी आहे आणि पेटतं, म्हणून भरण्याचं काम उघड्यावर, सिगारेट-हीटरपासून लांब.

दुसरा पर्याय तुम्हाला लगेच उमजेल: साखर बीटची मळी. साखर काढून उरलेला हा दाट द्रव गॅलनला जवळजवळ पावणेअकरा पौंड भरतो, गंज आणत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही वाहता राहतो. त्याच टायरमध्ये ७५ पौंड बसतात. तो विक्रेत्याकडूनच पंपाने भरून घ्यावा लागतो, खर्च जास्त. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण जुन्या काळापासून वापरतात आणि तेही जड असतं, पण रिम खातं. ट्यूबशिवायच्या टायरमध्ये ते घालूच नका. इंजिनातलं हिरवं अँटिफ्रीझही नको. त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं, चव गोड असते, आणि सांडलेलं चाटून कुत्री मरतात.

भरायची रीत अशी. ट्रॅक्टर जॅकवर, चाक जमिनीपासून सुटं, व्हॉल्व्ह घड्याळातल्या बारावर. व्हॉल्व्हच्या आतली सुई काढा आणि द्रव भरायचं जोडणीचं टोक बसवा. शेतीच्या दुकानात मिळतं, त्याला हवा सोडायचं बटण असतं. ड्रिलवर चालणारा छोटा पंप लावा. थोडं भरा, बटण दाबून आतली हवा सोडा, पुन्हा भरा. बटण दाबल्यावर हवेऐवजी द्रव यायला लागला की थांबा. व्हॉल्व्ह वर ठेवून भरलं की टायर साधारण पाऊणच भरतो, आणि तेवढाच हवा. उरलेली हवा उशीचं काम करते. पूर्ण भरलेला टायर दगडासारखा होतो आणि दगडावरून गेलं की फाटतो. शेवटी सुई बसवून हवा १० ते १२ पीएसआय करा. इथून पुढे हवा मोजताना व्हॉल्व्ह दर वेळी वर आणा, नाहीतर गेजमध्ये द्रव जाऊन गेज बिघडतो.

एक गोष्ट आधीच ठरवा. लोखंडी वजन मार्चमध्ये अर्ध्या तासात उतरतं, द्रव उतरत नाही. ओल्या वसंतातल्या मऊ लॉनवर ते शंभरेक पौंड वर्षभर फिरणार आणि वळणांवर चाकोऱ्या पाडणार. लॉनची हौस असेल तर चकत्याच लावा.

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरला पुढे दोन टप्प्यांचा स्नो ब्लोअर (बर्फ आत ओढून लांब फेकणारं यंत्र) आहे. साखळ्या आहेत, चाकाला ५०-५० पौंड आहेत, तरी ब्लोअर उचलून वळायला गेलं की मागचं चाक तरंगल्यासारखं होतं. आणखी चकत्या लावू?
— एक वाचक, डुलुथ, मिनेसोटा

उत्तर : चकत्या नकोत. तुम्हाला वजन चाकाच्या मागे, लोंबतं हवं.

समजा ब्लोअर २०० पौंडांचा आहे, त्याचा मध्य पुढच्या आसाच्या ३० इंच पुढे आहे, आणि दोन आसांमध्ये ५० इंच अंतर आहे. उचलला की तो तरफेसारखा मागचा आस वर उचलतो: २०० गुणिले ३०, भागिले ५०, म्हणजे मागच्या चाकांवरून १२० पौंड गेले. तुम्ही लावलेले १०० पौंड त्यातच संपले. आता मागच्या आसाच्या २० इंच मागे कंसावर (ब्रॅकेटवर) ४२-४२ पौंडांची दोन सुटकेस वजनं, म्हणजे मुठीची लोखंडी वजनं, टांगा. ८४ पौंड तिथे टांगले की मागच्या चाकांवर ८४ नाही, जवळजवळ ११८ पौंड वाढतात, आणि पुढच्या आसावरचे ३४ कमी होतात. ब्लोअरने नेलेलं वजन बहुतेक सगळं परत आलं, वर पुढचा आसही थोडा हलका झाला.

मग सगळेच मागे का टांगत नाहीत? कारण चाकाला लावलेलं वजन थेट जमिनीवर जातं. आस, बेअरिंग, चासी यांना त्याचा भार होत नाही. टांगलेलं वजन मात्र त्या सगळ्यांवरून जातं. म्हणून कंसाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा आणि ती ओलांडू नका. आणि ब्लोअर काढला की मागचं वजनही त्याच दिवशी काढा. पुढे काही नसताना मागे टांगलेल्या वजनाने चढावर पुढची चाकं उचलली जातात.

प्रश्न : आमचा साधा लॉन ट्रॅक्टर आहे, मागची चाकं २० इंची. त्याला हेच करता येईल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : येईल, पण हात राखून. या यंत्रात बहुधा मागचा आस पाऊण इंचाचा असतो, चाक एका छोट्या चावीवर (चाक आणि आस यांच्या खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यावर) फिरतं आणि बाहेरून नुसत्या ई आकाराच्या क्लिपने अडकलेलं असतं. इंजिनाचा जोर तेलाच्या दाबाने चाकांपर्यंत नेणारी हायड्रोस्टॅटिक पेटीही गवत कापण्यापुरतीच असते. बर्फात चाक घसरतं तेव्हा खरं म्हणजे ते पेटीला वाचवतं. साखळ्या आणि भरपूर वजन लावून घसरणं बंद केलं की सगळा ताण पेटीत जातो, तेल तापतं आणि रेटा कमी होत जातो.

दोन कड्यांच्या साखळ्या आणि एका बाजूला २५ ते ३० पौंड, एवढ्यावर थांबा. सहा इंचांवरचा ओला बर्फ आणि महापालिकेच्या बर्फ हटवणाऱ्या गाडीने ड्राइव्हवेच्या तोंडाशी टाकलेला ढीग फावड्याने फोडून घ्या, त्यात यंत्र घुसवू नका. इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटं तसंच चालू द्या, थंड तेल दाट असतं. आणि ट्रॅक्टर दमला, पेटी कण्हायला लागली की पेडल आणखी दाबू नका, थोडं सोडा. हायड्रोस्टॅटिकमध्ये पेडल जितकं कमी दाबलेलं तितका रेटा जास्त. सवयीने सगळे नेमकं उलट करतात, आणि पेट्या जळण्याचं हे एक मोठं कारण आहे.

चाक काढलंच आहे तर आसाला अँटिसीझ ग्रीस लावा. मिठाच्या पाण्याने चाक आसावर एकदा गंजून चिकटलं की पुढच्या वर्षी ते हातोड्यालाही दाद देत नाही.

प्रश्न : दोन्ही चाकांना सारखं वजन आहे, तरी नेहमी उजवंच चाक फिरतं. त्याच्यावर जास्त वजन लावू का?
— एक वाचक, ब्रॅम्प्टन, ऑन्टारिओ

उत्तर : नको. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांमध्ये, दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, आणि तो घसरणाऱ्या चाकाच्या पकडीएवढाच असतो. आधी दोन्ही टायरमधली हवा मोजा. एक बारा आणि एक आठ असेल तर कारण तिथेच सापडलं. मग उजवी साखळी सैल आहे का बघा. पातं डावीकडे-उजवीकडे तिरकं करून चालवत असाल तर भार एका बाजूला जातो, तेव्हा काही फेऱ्या उलट तिरक्या पात्याने करून पाहा. डिफरन्शियल लॉकचं (दोन्ही चाकं एकत्र जखडणारं) पेडल असेल तर चाक फिरायला लागायच्या आधी दाबा, फिरत असताना दाबू नका, दात तुटतात. आणि वळताना सोडा.

प्रश्न : ड्राइव्हवेवर नवी पेव्हरची फरशी घातली आहे. साखळ्यांनी ओरखडे पडतील ना?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : पडतील, विशेषतः चाक जागेवर फिरलं तर. रबराच्या शिडीसारख्या साखळ्या मिळतात, त्या घ्या. पकड लोखंडी साखळीहून कमी असते, म्हणून तुमच्या बाबतीत वजनाला जास्त महत्त्व: चाकाला ५० ते ७० पौंड, यंत्र पेलत असेल तर. पात्याच्या खालच्या कडेला पॉलीयुरेथेनची पट्टी लावा आणि पात्याच्या बाजूचे टेकू पाव ते अर्धा इंच खाली घ्या, म्हणजे पातं पेव्हरच्या कडांत अडकणार नाही. तळाशी बर्फाचा पातळ थर उरेल, त्यावर वाळू टाका.

प्रश्न : वजनं आणि साखळ्या कधी काढायच्या?
— एक वाचक, मिल्टन, ऑन्टारिओ

उत्तर : शेवटच्या बर्फानंतर जमीन मऊ व्हायच्या आत, कारण एप्रिलच्या ओल्या लॉनवर एक फेरी मारली तरी चाकोरी पडते. साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून बादलीत ठेवा. चकतीच्या मागच्या बाजूला खडूने ‘डावी’, ‘उजवी’ लिहा आणि नट-वायसर त्याच बोल्टवर चढवून ठेवा. नायलॉन कडीचे नट एकदा-दोनदा उघडले की सैल फिरतात. हाताने आटे चढायला लागले तर ते फेकून नवे सहा घ्या.